जुना त्रासदायक सहकारी जिथे काम करतो, त्याच कंपनीत अर्ज करायचा असेल तर

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव हा पट्टा नकाशावर मोठा दिसतो, पण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी तो एका गावाएवढाच आहे. क्वालिटीतला इंजिनिअर एक कंपनी सोडून दुसरीकडे लागतो आणि वर्षभरात जुन्या कंपनीतलीच माणसं सप्लायर किंवा कस्टमर म्हणून त्याच्यासमोर येऊन बसतात. त्यामुळे भरतीचं काम करताना एक प्रश्न माझ्याकडे सतत येतो: "मॅडम, जागा चांगली आहे, पगारही वाढतोय, पण तिथे आमच्या जुन्या कंपनीतला अमुक माणूस आहे. त्याने मला फार त्रास दिलाय. अर्ज करू की नको?"

अनेक जण हा प्रश्न विचारतही नाहीत. नाव दिसलं की पोटात गोळा येतो आणि ते जाहिरात बंद करून टाकतात. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण चांगली जागा दरवर्षी निघत नाही. तो माणूस तिथे आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या रोजच्या कामावर आणि तुमच्या अप्रेझलवर त्याचा हात पोहोचतो का, हे पाहायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत. उदाहरणं मी माझ्या ओळखीच्या क्षेत्रातली घेतली आहेत, पण आयटी, बँक, हॉस्पिटल किंवा शाळेतही हिशेब फारसा वेगळा नसतो.

पायरी १: नेमकं काय झालं होतं, ते कागदावर उतरवा

"तो माणूसच वाईट आहे" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. चार-पाच प्रसंग लिहा: कधी घडलं, कोण काय म्हणालं, तुमचं काय नुकसान झालं. लिहिताना बहुतेकांच्या लक्षात येतं की त्रास तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार खुर्चीमुळे होणाऱ्या भांडणाचा. महिनाअखेर आहे, डिस्पॅचचं टार्गेट अपुरं आहे, ट्रक गेटवर उभा आहे आणि क्वालिटीने अख्ख्या लॉटला लाल टॅग लावून तो होल्डवर टाकलाय. बोअरचा, म्हणजे भागातल्या भोकाचा, व्यास टॉलरन्सच्या (चालू शकणाऱ्या फरकाच्या) बाहेर जातोय. प्रॉडक्शनचा माणूस म्हणतो, "दोन-चार मायक्रॉनने काय बिघडतंय? डेव्हिएशन घे आणि सोड," म्हणजे मापात सूट मिळव आणि माल जाऊ दे. क्वालिटीतली मुलगी म्हणते, "कस्टमरच्या मंजुरीशिवाय सोडणार नाही." आवाज चढतात, आणि दहा ऑपरेटरांसमोर तिला नको ते ऐकून घ्यावं लागतं. तो बोलला ते चुकीचंच होतं, पण त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी महिनाअखेरीला खटका उडालाच असता. हाच माणूस नव्या कंपनीत परचेसला असेल आणि तुम्ही क्वालिटीत, तर भांडणाचं कारणच शिल्लक राहत नाही. अशांच्या बाबतीत मी निःशंकपणे अर्ज करा म्हणते.

दुसरा प्रकार सवयीचा. मूळ कारण शोधायला रात्रपाळीत मशीनपाशी तुम्ही उभे राहिलात, एट-डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) तुम्ही भरलात आणि कस्टमरसमोर त्याने तो स्वतःच्या नावावर मांडला. किंवा साहेबांचे कान भरणं, ईमेलमध्ये मुद्दाम नाव न घालणं, स्वतःच्या चुकीचं खापर ज्युनिअरवर फोडणं. खुर्ची बदलली म्हणून ही सवय जाईलच असं नाही. इथे पुढची पायरी फार महत्त्वाची ठरते.

तिसरा प्रकार गंभीर: लैंगिक छळ, धमक्या, जातीवरून अपमान, खोट्या रेकॉर्डवर सही करायची जबरदस्ती. या बाबतीत "जुळवून घ्या" असं मी कुणालाही सांगत नाही. यातल्या लैंगिक छळाबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

पायरी २: तो माणूस तिथे नेमका कुठे आहे, ते शोधा

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. अर्ज करायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

सुरुवात लिंक्डइनपासून करा. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल पाहण्याचा पर्याय खासगी मोडवर करा, नाहीतर तुम्ही त्याचं प्रोफाइल उघडलं हे त्याला कळू शकतं. पद, शहर, कधीपासून आहे, हे पाहा. पण लिंक्डइनवरच्या पदावर विसंबू नका. 'मॅनेजर' हा शब्द एका कंपनीत चाळीस माणसांचा प्रमुख असतो आणि दुसऱ्या कंपनीत त्याच्या हाताखाली कुणीच नसतं.

खरी माहिती आतल्या माणसाकडून मिळते. त्या कंपनीत ओळखीचं कुणी असेल तर फोन करा, पण "तो कसा आहे रे तिकडे?" असं विचारू नका. त्या वाक्याने तुमचं मन उघडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चर्चा होते. माणसाबद्दल नको, रचनेबद्दल विचारा:

"अगं ऐक ना, तुमच्याकडे सप्लायर क्वालिटीची जागा निघालीये. ती कोणाला रिपोर्ट करते? प्लांटच्या क्वालिटी हेडला की कॉर्पोरेटला? प्रॉडक्शनचं कोण बघतं सध्या? आणि अप्रेझल कोण लिहितं?"

एवढ्या चार प्रश्नांत त्याचं नाव न घेता तो कुठे बसतो हे कळतं. शिवाय प्लांट कुठला ते विचारा. एकाच कंपनीचे कारखाने चाकणला, साणंदला, होसूरला आणि मानेसरला असू शकतात, आणि तो माणूस ज्या शहरात आहे तिथे तुम्हाला जायचंच नसेल. शिफ्ट विचारा. डॉटेड लाइन आहे का तेही विचारा, म्हणजे कागदावर तुमचा साहेब एक आणि प्रोजेक्टसाठी उत्तर द्यायचं दुसऱ्याला, अशी सोय. अशा ठिकाणी दुसऱ्याचं मतही अप्रेझलमध्ये धरलं जातं.

कन्सल्टन्सीमार्फत जात असाल तर त्यांनाही हे प्रश्न विचारता येतात. त्यांना रिपोर्टिंग बहुधा माहीत असतं, पण आतली वागणूक माहीत नसते आणि जागा भरण्याची त्यांना घाई असते, हे ध्यानात ठेवून ऐका. अँबिशनबॉक्स किंवा ग्लासडोअर या साइटवरचे कर्मचाऱ्यांचे अभिप्राय वाचायचे तर त्याच प्लांटचे आणि त्याच विभागाचे वाचा.

पायरी ३: आता ठरवा

तो तुमचा थेट साहेब होणार असेल आणि त्रास दुसऱ्या प्रकारचा असेल, तर अर्ज करू नका. पगार तीस-चाळीस टक्के वाढत असला तरी नको. तुमची सुट्टी, तुमचं रेटिंग, तुमचं प्रमोशन, सगळं त्याच्या सहीवर जाणार असतं. आगीतून फुफाट्यात पडायचं आणि वर "मला आधीच माहीत होतं" हे ओझं बाळगायचं, याला अर्थ नाही.

तो साहेबांचा साहेब असेल तर थोडं थांबून विचार करा. रोजचा संबंध कमी असतो, पण प्रमोशनच्या यादीवर शेवटची नजर त्याची असते.

तो त्याच टीममध्ये बरोबरीने असेल तर सगळं वरच्या साहेबावर अवलंबून आहे. कामाची नोंद ठेवणारा, दोघांचंही ऐकून घेणारा साहेब असेल तर तिथे टिकता येतं. मुलाखतीत त्या साहेबाला नीट पारखा.

तो दुसऱ्या विभागात, दुसऱ्या प्लांटमध्ये किंवा तुमच्यापेक्षा खालच्या पदावर असेल तर त्याच्यामुळे अर्ज थांबवू नका. खालच्या पदावर असेल तर मात्र एक जबाबदारी तुमच्यावर येते: उद्या तुम्ही त्याचे साहेब झालात तर जुना हिशेब चुकता करायचा नाही. ते जमणार नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

पायरी ४: अर्ज करताना

सीव्हीत लपवाछपवी नको. काही जण ओळख उघड होऊ नये म्हणून ती जुनी कंपनीच सीव्हीतून गाळतात किंवा तारखा पुढे-मागे करतात. ते पकडलं जातं. पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि पीएफ भरणाऱ्या कंपन्यांतल्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा त्याखाली दिसतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे तो इतिहास मागतात. मग जो प्रश्न एका माणसाच्या मताचा होता तो तुमच्या खरेपणाचा होऊन बसतो, आणि तिथे एचआर काहीही मदत करू शकत नाही.

त्या माणसाकडून रेफरल घेऊ नका, आणि त्याच्या जवळच्या माणसाकडूनही नको. रेफरल ज्याने दिलं त्याला एचआर हमखास विचारतं, "कसा आहे माणूस?" दुसरं कुणी असेल तर त्याच्यामार्फत जा, नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा नोकरी डॉट कॉमवरून सरळ अर्ज करा.

आधी त्याला कळवायचं का? संबंध नुसते कोरडे असतील, वैर नसेल, तर मुलाखत ठरल्यावर एक छोटा मेसेज पाठवला तर बरं असतं, पण त्यात एक धोका आहे. तो माणूस तुमच्या सध्याच्या साहेबांच्याही ओळखीचा असू शकतो, आणि या पट्ट्यात बातमी दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचते. ऑफर हातात नाही आणि इकडे तुमच्या राजीनाम्याची कुजबुज सुरू, अशी अवस्था ओढवून घेऊ नका. शंका असेल तर कळवू नका. एचआरला मात्र पहिल्याच फोनवर सांगा: "मी सध्याच्या कंपनीत अजून काही बोललेलो नाही. तिथली चौकशी ऑफर स्वीकारल्यानंतर करावी, ही विनंती."

पायरी ५: तुमच्या बाजूने बोलणारी माणसं आधी उभी करा

आतून काय घडतं ते सांगते, कारण उमेदवाराला ते कधीच दिसत नाही. तुमच्या सीव्हीत जुन्या कंपनीचं नाव दिसलं की भरती करणारा साहेब आपल्या टीमकडे पाहून विचारतो, "तुम्हीपण तिथेच होतात ना? ओळखता का यांना?" ही चौकशी कुठल्याही फॉर्मवर नसते. आणि तिथे तो माणूस म्हणू शकतो, "ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे." एवढ्या तीन शब्दांवर चांगले उमेदवार मागे पडलेले मी पाहिले आहेत.

माझ्यासमोर असं कुणी बोललं तर मी एक प्रसंग मागते: "कधी, काय झालं होतं?" पुष्कळदा उत्तर येत नाही. पण प्रत्येक एचआर तेवढं विचारेलच याची खात्री नाही, म्हणून तयारी तुम्हीच करायची.

त्याच कंपनीतल्या, त्याच काळातल्या दोन माणसांची नावं रेफरन्स म्हणून द्या. एक तुमचा तेव्हाचा साहेब, दुसरा तुमच्या कामाचा उपयोग ज्याला झाला असा कुणी: कस्टमरकडचा इंजिनिअर किंवा शेजारच्या विभागाचा प्रमुख. काळ तोच हवा, हे विसरू नका. आत्ताच्या साहेबाने केलेली स्तुती त्या जुन्या आरोपाला पुसत नाही, त्याच वर्षातल्या साक्षीदाराची पुसते. नाव देण्याआधी फोन करून परवानगी घ्या आणि कामाची आठवण द्या: "सर, आपण ते कास्टिंगमधल्या ब्लो-होलचं रिजेक्शन कमी केलं होतं ना, त्याबद्दल विचारलं तर सांगाल का?" साहेबांना तुमचा चेहरा लक्षात असतो, आकडे नसतात.

रिलीव्हिंग लेटर, एक्सपीरियन्स लेटर, अप्रेझलचे कागद, फुल अँड फायनलचा हिशेब एका फाइलमध्ये लावून ठेवा. जुन्या कंपनीकडून एखादं पत्र राहिलं असेल तर अर्जाच्या आधी मागा. राहिलेलं पत्र म्हणजे तिथून काहीतरी बिनसून निघालात, असा समज होतो.

पायरी ६: मुलाखतीत

"आमचे अमुक पूर्वी तुमच्याच कंपनीत होते. ओळखता का?" हा प्रश्न येणार असं धरूनच जा आणि उत्तर घरी मोठ्याने म्हणून पाहा. दोन वाक्यं पुरेत:

"हो, ओळखतो. ते प्रॉडक्शनला होते, मी क्वालिटीत, दोन वर्षं एकाच लाइनवर होतो."

आणि इथेच थांबा. लांबण लावलं की चेहरा सांगायला लागतो. "फार छान माणूस आहे" असंही म्हणू नका, कारण खोटी स्तुती लगेच कळते. पुढे "कसं जमायचं तुमचं?" असं विचारलं तर खरं पण कामापुरतं सांगा: "होल्ड टाकलेल्या लॉटवरून आमचे मतभेद व्हायचे. त्यांच्यावर डिस्पॅचचा ताण असायचा, माझ्यावर कस्टमर कंप्लेंटचा. नंतर आम्ही सकाळच्या मीटिंगमध्येच होल्डची यादी समोर ठेवायला लागलो, त्यामुळे बराच फरक पडला." असं काही तुम्ही केलं असेल तरच सांगा. केलं नसेल तर मतभेद होते एवढं मान्य करून पुढे जा.

तोच माणूस पॅनेलवर बसलेला दिसला तर? आधी नमस्कार करा, नावाने आणि आदराने: "नमस्कार सर, बऱ्याच दिवसांनी भेट झाली." ओळख नसल्यासारखं वागणं दोघांनाही अवघडवतं. उत्तरं देताना फक्त त्याच्याकडे किंवा फक्त त्याला टाळून पाहू नका. त्याने जुना विषय टोचून काढला तर कामाची आकडेवारी सांगा आणि दुसऱ्या परीक्षकाकडे वळा.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. पायरी दोनमधली माहिती इथे पडताळायची. या पदाचं रिपोर्टिंग कोणाला? अप्रेझलमध्ये कोणाकोणाचं मत घेतात? क्वालिटी आणि प्रॉडक्शनचं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? आधीचा माणूस या जागेवर किती काळ होता आणि कुठे गेला? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे पाहायला लागले, तर ते लक्षात ठेवा.

पायरी ७: ऑफर आल्यावर, राजीनाम्याच्या आधी

जुना त्रास स्वतःहून सांगायचा का, असं मला फार विचारलं जातं. पहिल्या फेरीत नाही. तो दुसऱ्या विभागात असेल तर कधीच नाही. रोज त्याच्याबरोबर काम असेल तर मात्र ऑफर आल्यानंतर, स्वीकारण्याआधी, होणाऱ्या साहेबांशी एकदा बोला. आधी एचआरकडे जाऊ नका. टीम साहेब चालवणार असतात, आणि ही गोष्ट त्यांना एचआरकडून कळली तर त्यांना ती तक्रार वाटते.

"सर, एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. अमुक आणि मी पूर्वी एकत्र होतो, तेव्हा कामाच्या श्रेयावरून काही अडचणी झाल्या होत्या. माझ्याकडून मी नव्याने सुरुवात करणार आहे. कामाची वाटणी स्पष्ट असेल तर मला काही अडचण नाही."

त्या माणसाचे दोष मोजू नका. साहेब काय म्हणतात ते शांतपणे ऐका. "हो, मला कल्पना आहे, मी बघतो" असं उत्तर आलं तर उत्तम. "तुमचं तुम्ही बघून घ्या" असं आलं तर ती ऑफर पुन्हा एकदा तोलून पाहा.

रिपोर्टिंग ईमेलवर लिहून घ्या. ऑफर लेटरमध्ये पद आणि ठिकाण असतं, साहेबांचं नाव असेलच असं नाही. "आपल्या बोलण्यानुसार माझं रिपोर्टिंग क्वालिटी हेडना असेल, कृपया कळवावे" एवढी एक ओळ पुरते. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर तेवढ्या काळात तिकडची रचना बदलू शकते, म्हणून जॉइनिंगच्या दोन आठवडे आधी एचआरला फोन करून पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

पायरी ८: पहिले तीन महिने

पहिल्याच आठवड्यात तुम्ही स्वतः त्याच्या टेबलापाशी जा. "मी जॉइन झालोय, क्वालिटीचं काम माझ्याकडे आहे, काही लागलं तर सांगा." दोन मिनिटं पुरेत. जुना विषय काढू नका, माफी मागू नका, त्याला मागायलाही लावू नका.

कंपनीच्या बसमध्ये आणि कॅन्टीनमध्ये नवीन माणसाला हमखास विचारतात, "तुम्ही आणि ते एकाच कंपनीत होतात ना, तिकडे कसे होते?" उत्तर एकच: "विभाग वेगळे होते, कामापुरता संबंध." रोज विचारलं तरी हेच उत्तर द्या.

सवयीचा त्रास असलेल्या माणसाबरोबर तोंडी ठरलेलं काहीही तोंडी ठेवू नका. मीटिंग झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. साहेब सीसीमध्ये. एट-डी रिपोर्टवर टीमची नावं पहिल्या दिवशीच भरा. यात भांडण नाही, कारण चांगल्या कारखान्यात ही पद्धत असतेच. श्रेय लाटणाऱ्याला वाव मिळतो तो न लिहिलेल्या गोष्टींत.

तरीही जुनं वागणं सुरू झालं तर तारखेसह नोंद ठेवा आणि दोन-तीन प्रसंग जमले की साहेबांकडे जा. बोलताना फक्त या कंपनीतले प्रसंग सांगा. "हा आधीपासूनच असा आहे" हे वाक्य तोंडून गेलं की ऐकणारा तुमच्याकडे जुनं वैर घेऊन आलेला माणूस म्हणून पाहायला लागतो.

त्रास गंभीर स्वरूपाचा होता तेव्हा

लैंगिक छळाचा अनुभव असलेल्या बाईने त्या माणसाच्या आसपास काम करावं, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. नको वाटत असेल तर अर्ज करू नका आणि त्याचं कारण कुणालाही देऊ नका. जायचंच असेल तर मुलाखतीत हे सांगायला तुम्ही बांधील नाही.

2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. नव्या कंपनीत नवी घटना घडली तर जुन्या घटनेची मुदत संपली होती म्हणून गप्प बसायचं कारण नाही. नव्या घटनेची तक्रार नव्या कंपनीच्या समितीकडे करता येते. रुजू झाल्याच्या आठवड्यात समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावरून लिहून घ्या. तिथे ती लावणं कंपनीचं कामच आहे.

निवड झाली नाही तर

त्याच माणसाने घोळ घातला, असा निष्कर्ष लगेच काढू नका. बजेट थांबतं, आतलाच माणूस घेतला जातो, जागाच रद्द होते. एचआरला एक सभ्य मेल करा: "पुढच्या वेळी मी कशात सुधारणा करावी, हे कळवलंत तर मदत होईल." बऱ्याच कंपन्या त्याच उमेदवाराचा अर्ज सहा महिन्यांनंतर पुन्हा घेतात, तो कालावधी विचारून तारीख लिहून ठेवा. दरम्यान त्या कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमधल्या जागांवर लक्ष ठेवा, आणि रेफरन्स दिलेल्या दोघांना फोन करून काय झालं ते सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ते तयार असतील.